चळी यायच्या आधी

उद्यमबागेत तीस वर्षं
मी लोखंडाला पाणी पाजलं.
गिअर, शाफ्ट, कुणाकुणाच्या नांगराचे फाळ
लालभडक, चिमट्यात धरून बुडवायचे.
पाणी किंचाळायचं.
वाफेत चष्मा जायचा.
कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबात पैसे कमी भरले,
त्याबदली मी ती टाकीच मागितली.
शेठ हसला. ने म्हणाला.

अनगोळच्या परसात ती आता अर्धी पुरलेली आहे.
आतून सिमेंट, वर दोन हात रंग.
पहिली तीन पाण्यं ओतून दिली
तेलाचा तवंग जाईपर्यंत.
चौथ्या पाण्यात मासे सोडले, नऊ,
आणि शिवक्का हंचिनमनीनं भिंतीवरून दिलेला
तांबड्या कुमुदिनीचा एक कंद,
ज्याचे चार झाले.

तुळशीचं लग्न लागलं की मी कामाला लागतो.

आधी पानं. चिकूची, पेरूची,
वाऱ्यानं आणलेली कुणाची तरी.
पिठाची जुनी चाळण काठीला बांधून उपसायची.
गाळ मात्र सगळा काढत नाही,
निम्मा राहू देतो.
त्यात कुणीतरी राहत असतं, मला न दिसणारं,
आणि पाणी त्याच्या भरवशावर असतं.

कुमुदिनीची पिवळी पानं कात्रीनं, देठाच्या मुळाशी.
मग कुंड्या विटांवरून उतरवून तळाला.
जा, बस खाली, शिमग्याला भेटू.
जलकुंभी दोन मुठी ठेवली,
बाकीची माडाच्या बुंध्याला.
चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी
पिंपात उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडेपर्यंत,
आणि मग तांब्यातांब्यानं, काठाकाठानं.
घाई नाही. घाईनं थंड केलेलं काय होतं
ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
तडा जातो. आतून. आवाजसुद्धा येत नाही.

जाळी शिवक्काच्या ईरण्णानं करून दिली,
वडगावच्या मागावरचं टाकाऊ सूत चौपदरी करून.
गाठी वाकड्या आहेत.
ढोकरी तरीही येते, भिंतीवर मान आखडून बसते,
पेन्शनीच्या रांगेत बसल्यासारखी.
तिचंही बरोबर आहे.

दाणे आता चिमूटभर, तेही दुपारी,
ऊन पाण्यात वीतभर उतरल्यावर.
गारठ्यात त्यांना पचत नाही.
मालू म्हणते, "त्यांना उपास,
आणि तुमचा हा चौथा चहा."

धारवाडहून नातीचा फोन: इडली कशी आहे?
इडली म्हणजे पांढरा, शेपटी फाटलेला.
बरा आहे म्हणालो. हळू झालाय.
"तुमच्यासारखा?"
मी फोन मालूकडे दिला.

आज पहाटे धुकं असं की भिंतच नाही.
भिंतीच्या जागेवरून शिवक्काचा आवाज आला,
"भाळ चळी ऐती, अण्णा."
"होय की," म्हणालो, धुक्याकडे बघून.
बॅटरी पाण्यावर धरली तर
उजेड वरच्या वर परत आला.
मग बाही सारली
आणि कोपरापर्यंत हात घातला.

तीस वर्षांत ह्या टाकीत
मी कधी उघडा हात घातला नव्हता.

काही किंचाळलं नाही.
वर जेवढं गार, तेवढं खाली नव्हतं.
बोटांना काहीतरी घासून गेलं,
गुळगुळीत, बिनघाईचं.
एक. थांबून दोन.
सहापर्यंत पटापट झाले,
सातवा उशिरानं, आठव्याची शेपटी फाटलेली लागली.
नववा आला, की पहिलाच फिरून आला,
कळायला मार्ग नाही.

आतून मालू ओरडली, दार उघडं टाकून
कुठं जाऊन बसलात?
मी हात पुसला, जाळी परत अडकवली.
एका कोपऱ्याचा खिळा सैल झालाय.
तो ऊन आल्यावर.